घराचं खाणं

नाशिकरोडला प्रेसच्या वसाहतीजवळ एक मामा राहत होते. करन्सी नोट प्रेसमध्ये चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. रोज लाखो रुपये हाताखालून जायचे. सुटी झाली की फाटकावर झडती द्यायची आणि रिकाम्या खिशाने सायकलवर टांग टाकायची. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब कसा ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्यांचा एक भाचा होता. नाशिकलाच शिकला, पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेला, तिथंच नोकरीला लागला आणि तिथलाच नागरिक झाला. भारताचा पासपोर्ट गेला, ओसीआय कार्ड आलं. पण डोक्यात बसलेला समुद्र काही गेला नाही. सातवीत असताना शाळेची सहल हर्णैला गेली होती. बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता, पाण्यात सुवर्णदुर्ग उभा होता, आणि गोदावरीच्या काठी वाढलेल्या त्या पोराने पैलतीर नसलेलं पाणी पहिल्यांदा बघितलं होतं.

पन्नाशी जवळ आली तेव्हा गाठीला पैसा होता. २०१६ च्या डिसेंबरात तो आला आणि म्हणाला, "मामा, मला समुद्रावर घर घ्यायचंय."

मामांनी विचारलं, "राहणार कोण?"

"वर्षातून पंधरा दिवस येईन की मी. रिटायर झाल्यावर जास्त."

मामा यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघं दापोलीला निघाले.

एजंटने आधी एक वाडी दाखवली. नारळ, पोफळी, आंबे, आणि पार पुळणीपर्यंत उतरत गेलेली जमीन. भाचा हरखून गेला. मामांनी सातबारा मागितला. जमीन शेतीची निघाली. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयाला इथं घर घेता येतं, दुकान घेता येतं. शेतजमीन, बागायत आणि फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. एजंट म्हणाला, "मग मामांच्या नावावर करू."

"मी कुठला शेतकरी?" मामा म्हणाले. "माझ्या नावावर तुळशीची कुंडीसुद्धा नाही."

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येत नाही, हे एजंटला चांगलं ठाऊक होतं. "त्याचीपण सोय होते," तो म्हणाला. मामा उठले आणि गाडीत जाऊन बसले.

शेवटी हर्णैच्या पुढच्या एका गावात, गावठाणातलं एक घर मिळालं. जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं. पुढं पडवी, मागं दोन खोल्या आणि चूल, परसात विहीर आणि चार माड. पडवीत बसलं की समुद्र ऐकू यायचा आणि मागचं दार उघडलं की दिसायचा. मालक सत्तरीच्या पुढचा म्हातारा होता. मुलगा विरारला होता, म्हातारा आता त्याच्याकडे जाणार होता. एजंटने थोडी रक्कम रोख मागून बघितली. मामांनी सांगितलं की परदेशातून आलेला पैसा बँकेतूनच जाईल, आणि विषय मिटवला.

कागद झाले. चहा झाला. उठता उठता मामांनी म्हाताऱ्याला विचारलं, "या घराचं वर्षाचं खाणं किती?"

म्हाताऱ्याला कळलं नाही.

"म्हणजे डागडुजी, पट्टी, माणसं. वर्षाला किती लागतात?"

म्हातारा बराच वेळ आढ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कधी मोजलं नाय. आम्ही हितंच होतो ना."

भाचा हसला. मामांनाही त्या उत्तराचा उलगडा झाला नाही. त्यांनी नवी वही आणली होती आणि पहिल्या पानावर तो आकडा लिहायचा होता. आकडा मिळाला नाही, म्हणून त्यांनी म्हाताऱ्याचं वाक्यच लिहून ठेवलं.

भाचा परत गेला. तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन त्याने मामांच्या नावे मुखत्यारपत्र केलं आणि पाठवलं. ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मामांनी त्याचं मुद्रांक शुल्क भरलं. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नाव चढलं, विजेचा मीटर नावावर झाला. शेजारच्या काकीला राखणीला सांगितलं. महिना अडीच हजार ठरले. राखण म्हणजे कुणी आत शिरू नये, एवढंच दोन्हीकडून धरलं गेलं.

मामांनी नाशिकच्या मेन रोडवरून एक जाडजूड कुलूप आणलं होतं. तसलंच कुलूप त्यांच्या स्वतःच्या दाराला वीस वर्षं होतं आणि अजून लोण्यासारखं फिरत होतं. ते लावून ते परत आले.

पहिला पावसाळा गेला. गणपती झाल्यावर मामा घर बघायला निघाले. नाशिकरोडहून कल्याण, दिव्याला कोकण रेल्वेची पॅसेंजर, खेडला उतरून एसटीने दापोली, तिथून दुसरी एसटी. या प्रवासाची तिकिटं त्यांनी वहीत कधीच लिहिली नाहीत. संध्याकाळी ते दारात उभे राहिले तेव्हा कुलूप तांबडं झालं होतं. किल्ली आत गेली, पण फिरेना.

काकी वाटीत खोबरेल घेऊन आली. तिने तेल कुलपाच्या भोकात सोडलं, पायरीवर बसून थोडा वेळ जाऊ दिला, मग दगडाने दोन टोले हाणले. कुलूप उघडलं. हातावरचा गंज पुसत ती म्हणाली, "भाऊ, हितं लोखंडाला रोज हात लागावा लागतो."

"मग किल्ली तुमच्याकडेच होती की."

"होती. पण घर उघडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं."

आत गेले तर गाद्यांना ओलसर वास येत होता. भिंतींवर हिरवट-काळी बुरशी चढली होती. पंख्याच्या पात्यांवर गंजाचे ठिपके उठले होते, फ्रिजच्या दाराचं रबर चिकटून बसलं होतं. मागच्या खोलीत भिंतीवरून एका वाशापर्यंत मातीची बारीक रेघ गेली होती. मामांनी ती नखाने खरवडली. आत पांढरी वाळवी वळवळत होती. त्यांनी वासा बोटाने दाबला, तर बोट आत गेलं.

तिथून वही भरायला लागली.

वाळवीचं औषध. नवा वासा. लोखंडी बिजागऱ्या काढून पितळी. विहिरीवरचा पंप. इन्व्हर्टरची बॅटरी, ती बंद घरात नुसती पडून मेली. परसातलं रान बेणायला माणसं, कारण पावसानंतर तिथं पुरुषभर गवत माजायचं. पावसाच्या पाण्याने ढासळलेला गडगा. पडवीत झड येऊ नये म्हणून जूनआधी बांधायची झापं. भाच्याने हौसेने एसी बसवला होता. त्याच्या बाहेरच्या यंत्राची जाळी दुसऱ्या वर्षी हात लावताच चुरली. एक युनिटही जळलं नाही तरी विजेच्या बिलात स्थिर आकार यायचाच. घरपट्टी आणि पाणीपट्टी मात्र इतकी किरकोळ होती की मामांना पावती बघून हसू आलं. या घरावर सरकारचा कर सगळ्यांत हलका होता. खाऱ्या वाऱ्याचा सगळ्यांत जड होता, आणि तो माफ करायला कुठं अर्ज करायची सोय नव्हती.

त्यात वानरं. आंब्याच्या दिवसांत त्यांची टोळी घरांवरून उड्या मारत जायची. ज्या घरात माणूस असेल तिथं कुणी तरी डबा बडवायचं, पोरं ओरडायची, टोळी पुढं सरकायची. बंद घरावर मात्र ती निवांत बसायची, पोरं खेळवायची. त्यात एखादं कौल सरकायचं. सरकलेलं कौल जागेवर बसवायला शिडी लावून पाच मिनिटं लागतात. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही तर पावसाचं पाणी वाशावर येतं, वासा कुजतो, कुजलेल्या लाकडाला वाळवी धरते. मग सुतार शोधावा लागतो. मे महिन्यात अख्ख्या गावाला सुतार हवा असतो.

भाच्याच्या बाजूला आणखी एक वही होती, ती मामांना दिसत नव्हती. नाशिकच्या सीएची फी आणि तिकडच्या हिशेबनिसाची फी. इथल्या बँकखात्यांत मिळून वर्षात एकदाही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली की तिथल्या सरकारला कळवावं लागायचं, आणि राहून गेलं तर दंड जबर होता. घर पर्यटकांना भाड्याने द्यावं, म्हणजे घराचा खर्च घरच काढेल, असंही एकदा ठरलं. तेव्हा कळलं की अनिवासी मालकाला भाडं देणाऱ्याने मुळातच ३० टक्के आणि वर उपकर कापून द्यायचा असतो, आणि ते उत्पन्न दोन्ही देशांत दाखवायचं असतं. हे सगळं करायला तो तयार झाला असता. पण शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्या पाहुण्यांच्या चादरी धुणार कोण? काकी म्हणाली, "माझ्याच्याने नाय व्हायचं." बेत तिथंच बारगळला.

मग समुद्राच्या अंगाला काँक्रीटची एक खोली काढायचं मनात आलं. ग्रामसेवकाने नकाशा दाखवला. घर भरतीच्या रेषेपासून दोनशे मीटरांच्या आत होतं. १९९१ मध्ये किनाऱ्याचे नियम आले, तेव्हापासून गावाकडच्या किनाऱ्यावर या पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नव्हतं. होतं ते घर, होतं त्याच जोत्यावर दुरुस्त करा, एवढीच मुभा होती.

२०१९ च्या एप्रिलात मामांनी वर्षाची बेरीज पाठवली. लाखाच्या वर गेली होती. रात्री भाच्याचा फोन आला.

"मामा, दरवर्षी कौलं, दरवर्षी वासे. हे थांबणार कधी? एकदाच काय तो खर्च करू आणि मोकळे होऊ. पत्रे घाला."

मामांना ते फारसं रुचलं नाही, पण पैसा भाच्याचा होता. मे महिन्यात कौलं उतरली, लोखंडी पाइपांवर निळे पत्रे चढले. कौलं गाडीत भरून टाकून द्यायची होती. काकी आडवी आली. "मोडली नायत ना ती? मग टाकता कशाला? माझ्या गोठ्याच्या मागं रचून ठेवते." तिने आणि तिच्या मुलाने ती एकेक करून नेली आणि भिंतीसारखी नीट रचली.

त्या वर्षी वहीत कौलांच्या नावावर काही पडलं नाही. भाचा खूश झाला. "बघा," म्हणाला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते किनाऱ्यावर चढलं, आणि दापोली-मंडणगडलाही त्याने सोडलं नाही. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. माड मोडले, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पिढ्यान् पिढ्यांचे आंबे मुळासकट उपटले. निळे पत्रे जिथं बोल्टने धरले होते, ते बोल्ट एकाच पावसाळ्यात गंजले होते. तासाभरात छप्पर गेलं. एक पत्रा दोन घरं ओलांडून एका माडाला जाऊन वेढला.

वादळाने आपपरभाव केला नाही. गावातल्या कौलारू घरांचीही कौलं उडाली, फुटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आढ्यावर चढलेली होती. फुटकी कौलं खाली, शाबूत कौलं वर. जिथं कमी पडली तिथं ताडपत्री, जिथं ताडपत्री नव्हती तिथं झावळ्या. पाऊस तोंडावर होता. जो तो आधी चूल आणि निजायची जागा झाकत होता. बंद घराकडे कोण बघणार? त्यात पाऊस उघड्या छपरातून खुशाल शिरला.

गावाची वीज गेली होती, मोबाइलची रेंजही गेली होती. मामांना आठवड्याने कळलं, तेही काकीचा मुलगा डोंगरावर चढून रेंज शोधत होता म्हणून. कोरोनाचे दिवस होते. जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा, आणि सत्तरीच्या मामांना घरातले उंबऱ्याबाहेर सोडत नव्हते. परदेशातली विमानं तर मार्चपासूनच बंद होती. भाचा तिकडे पडद्यावर वादळाची चित्रं बघत बसला.

"विमा आहे," तो मामांना म्हणाला. त्यातच काय तो धीर होता.

विमा होताच. पण पॉलिसीच्या मागच्या पानांत एक अट होती. घर सलग तीस दिवसांहून जास्त रिकामं राहणार असेल तर कंपनीला आधी कळवून तशी नोंद करून घ्यायची, नाहीतर विमा थांबतो. कळवलं कुणीच नव्हतं. दावा परत आला.

तलाठी पंचनाम्याला आले. त्यांनी काकीला विचारलं, "राहतं घर आहे का?"

काकी म्हणाली, "नाय. बंद असतं."

तलाठ्यांनी तसं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

काकीचं स्वतःचं छप्पर अर्धं गेलं होतं. ते झाकून झाल्यावर तिने नवऱ्याला आणि मुलाला या घराकडे पाठवलं. मोडलेल्या पोफळींचे ओंडके गावात पडलेलेच होते. ते फाडून त्यांनी मागच्या दोन खोल्यांवर रिपा ठोकल्या आणि गोठ्यामागची जुनी कौलं आणून चढवली. कुणाला विचारलं नाही. विचारायला फोन कुठं होता? पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाही त्या दोन खोल्या टिकल्या. मामांनी नंतर विचारलं, "किती देऊ?" काकी म्हणाली, "दोघांची मजुरी द्या. कौलं तुमचीच होती."

२०२१ च्या डिसेंबरात भाचा आला. घर विकून टाकायचं ठरवूनच आला होता. पण गिऱ्हाईक लगेच मिळेना. आणि विकायचं म्हटलं तरी अनिवासी मालकाच्या घराचे पैसे देताना घेणाराच कर कापून ठेवतो, तो कमी कापावा म्हणून आधी दाखला काढावा लागतो. त्याला वेळ होता. म्हणून तो महिनाभर त्या दोन खोल्यांत राहिला.

दिवस संथ जात होते. सकाळी तो खिडक्या उघडायचा, कारण कोंदट वाटायचं. पडवी झाडायचा, कारण पाय ठेवला की वाळू लागायची. एका दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला त्याने तेल सोडलं. काकीची सून मागच्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायची. पहिल्या दिवशी धुराने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्याने गिझर बसवायची भाषा केली. काकी म्हणाली, "गिझर बसवा, पण चूल विझवू नका. धुराने वासा सुका राहतो, किडा लागत नाय." एका दुपारी वानरं आली. त्याने तेलाचा रिकामा डबा बडवला. टोळी गेली. एक कौल सरकलं होतं, ते त्याने शिडी लावून जागेवर बसवलं. खाली उतरल्यावर स्वतःवरच खूश होऊन त्याने त्या कौलाचा फोटो काढला.

मामा नाताळात आले. वही बरोबर होती. रात्री जेवणं झाल्यावर भाच्याने ती मागून घेतली. पहिलं पान उघडलं, म्हाताऱ्याचं वाक्य वाचलं, आणि बराच वेळ पुढं उलटलंच नाही. मग तांबड्या पेनने त्याने एकेका खर्चापुढे खूण करायला सुरुवात केली. कुणी घरात राहत असतं तर जो खर्च पडलाच नसता, त्यापुढे फुली. कुलूप, फुली. वासा, फुली. बॅटरी, फुली. फ्रिज, बुरशी, गडगा, विम्याचा हप्ता. घरपट्टीपुढे फुली पडली नाही. झापांपुढेही पडली नाही. औषधापुढे तो थोडा अडखळला आणि मग तिथंही अर्धी फुली केली.

मामांनी चष्मा लावून बेरीज केली. जुनी सवय, दोनदा केली.

"साठ टक्के गैरहजेरी," ते म्हणाले. "प्रेसमध्ये असतास तर पगार कापला असता तुझा."

गोष्ट सांगणाऱ्याने इथं एवढंच म्हणावं. खारा वारा देशी-परदेशी ओळखत नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराकडून तो सारखंच मागतो. जो घरात असतो तो हाताने देतो, थोडं थोडं, रोज, आणि आपण काही देतोय हेही त्याला कळत नाही. जो दूर असतो त्याला तेच सगळं वर्षाअखेर पैशात द्यावं लागतं, व्याजासकट. म्हातारा भाबडा नव्हता. त्याने घराची खरी किंमत सांगितली होती, फक्त ती खरेदीखतात लिहिता येणारी नव्हती. लांबच्या माणसाने समुद्रावर घर घेऊच नये असं काही नाही. पण घेताना दोन गोष्टी विकत घेतोय हे त्याने ओळखावं, एक घर आणि दुसरी आपली तिथली रिकामी जागा. दुसरीचा हप्ता कधी फिटत नाही.

भाच्याने घर विकलं नाही. काकीच्या मुलाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि काकीच्या घरात जागेची ओढाताण होती. ठरलं असं की मुलगा आणि सून मागच्या दोन खोल्यांत राहतील, चूल पेटती ठेवतील, कौलं बघतील. भाडं नाही. पुढच्या भागाचं छप्पर पुन्हा कौलांचं करायचं, तो भाग भाच्याचा. मामांनी तोंडी बोलण्यावर काही सोडलं नाही, रीतसर करार करून नोंदवला. विमा कंपनीला कळवलं की घर आता राहतं आहे.

खर्च थांबला नाही. पुढच्या छपराला लाकूड लागलंच, मे महिन्यात कौलं परतायला माणसं लागलीच, आणि दोन देशांतले दोन हिशेबनीस आपापली बिलं पाठवत राहिले. बेरीज खाली आली, पण भाच्याला वाटली होती तितकी नाही. बंद घरात जो प्रश्न कधी आला नव्हता, तोही आता आला. सुनेने शेळी आणली आणि पडवीत बांधली.

व्हिडिओ कॉलवर भाच्याला ती दिसली. पडवीत त्याने सागवानी झोपाळा टांगला होता. शेळी झोपाळ्याची दोरी चघळत होती.

"मामा, ती शेळी पडवीत नको. परसात बांधायला सांगा."

मामांनी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, "पावसाची परसात कशी बांधू?"

मामांनी भाच्याला सांगितलं. भाचा म्हणाला, "मग काहीतरी शेड करा."

"नवं बांधकाम चालत नाही तिथं," मामा म्हणाले. "मी ग्रामसेवकाला विचारून घेतो. झावळ्यांच्या आडोशाला हरकत नसेल."

हरकत नव्हती. मामांनी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: शेळीसाठी आडोसा, बांबू सहा, सुंभ दोन गुंडे, झापं घरची, मजुरी नाही. खाली आणखी एक ओळ घातली, झोपाळ्याला नवी दोरी, आणि तिच्यापुढे फुली करावी की करू नये याचा विचार करत बसले.